सांगण्याआधीचं काम

१५ जुलै १९७६. कॅलिफोर्नियातल्या चाउचिला या शेतीवाडीच्या गावात उन्हाळी शाळेची बस मुलांना पोहायला नेऊन परत येत होती. वाटेत एक व्हॅन आडवी लागली. चेहरे झाकलेले तीन बंदूकधारी तरुण बसमध्ये शिरले. पाच ते चौदा वर्षांची २६ मुलं आणि त्यांचे ड्रायव्हर एड रे यांना त्यांनी काचा काळ्या केलेल्या दोन व्हॅनमध्ये कोंबलं आणि अकरा तास फिरवलं. शेवटी लिव्हरमोरजवळच्या एका खाणीत, जमिनीखाली पुरून ठेवलेल्या मालट्रकच्या डब्यात एकेकाला शिडीवरून उतरवून वरून माती लोटली. आत काही गाद्या होत्या, थोडं खाणंपिणं होतं. अपहरणकर्त्यांना पन्नास लाख डॉलरची खंडणी हवी होती. पण हवालदिल पालकांच्या आणि पत्रकारांच्या फोनांनी पोलिसांच्या लाइनी इतक्या जाम झाल्या की त्यांना ती मागताच आली नाही. सोळा तासांनी रे आणि मोठ्या मुलांनी गाद्या एकावर एक रचल्या, छतावरचं झाकण रेटलं, माती उकरली आणि सगळे जिवंत बाहेर आले.

डॉक्टरांनी तपासून मुलं ठणठणीत असल्याचं सांगितलं. पुढे त्यांना डिस्नेलँडची सहल घडवण्यात आली. मुलं लवकर विसरतात, हे तेव्हा गावच काय, मानसोपचाराचं शास्त्रही धरून चाललं होतं. एका स्थानिक तज्ज्ञाने तर पालकांना हिशेबच मांडून दिला होता, की सव्वीसांत फार तर एखाद्याला त्रास होईल. परिणाम असा झाला की ते एक मूल आपलं आहे, हे कबूल करायला एकही घर तयार होईना.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर काही महिन्यांनी तिथे पोहोचल्या. त्या मुलांशी आणि पालकांशी सविस्तर बोलल्या, आणि चार-एक वर्षांनी पुन्हा जाऊन त्याच मुलांना भेटल्या. धक्का न बसलेलं एकही मूल त्यांना आढळलं नाही. मुलं अंधाराला, व्हॅनला, वाऱ्याच्या आवाजाला भीत होती. आपण फार जगणार नाही, पुन्हा काहीतरी भयंकर होणार, असं कित्येकांनी गृहीत धरलं होतं. काही जण खेळत होते, पण तो खेळ पाहणाऱ्याला अस्वस्थ करणारा होता. बसचा, पकडून नेण्याचा तोच प्रसंग, त्याच क्रमाने, तसाच संपणारा, आणि त्यात हसू नावाला नाही. खेळून मन हलकं व्हावं, तर ही मुलं खेळून आणखी घाबरत होती.

टेर यांनी टिपलेली आणखी एक गोष्ट या सगळ्या विषयाच्या मुळाशी नेते. बऱ्याच मुलांनी त्या दिवसातला एखादा क्षुल्लक प्रसंग मागाहून ‘संकेत’ म्हणून धरला होता. आपण सकाळी अमुक केलं म्हणून असं झालं, किंवा तमुक दिसलं तेव्हाच ओळखायला हवं होतं. मोठ्यांना हा अंधविश्वास वाटेल. मुलाच्या बाजूने त्यात हिशेब आहे. संकेत होता म्हणजे तो ओळखता आला असता, ओळखता आला असता म्हणजे टाळता आलं असतं, आणि पुढच्या वेळी टाळता येईल. आपल्या हातात काहीच नव्हतं, हे मान्य करण्यापेक्षा दोष स्वतःकडे घेणं त्या मुलांना सोपं वाटत होतं. वडिलांच्या मारापासून नवऱ्याच्या मारापर्यंत सगळ्यांत ‘माझंच चुकलं असेल’ हे वाक्य इतक्या वेळा का ऐकू येतं, त्याचं एक कारण इथे सापडतं.

आघात म्हणजे काय, यावर पुस्तकांत पुष्कळ व्याख्या आहेत. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने १९८० मध्ये आपल्या आजारांच्या यादीत ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ म्हणजे पीटीएसडी हे नाव घातलं, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा मोठा होता. पण उपचार करणाऱ्याला रोज उपयोगी पडते ती व्याख्येतली एकच बाब: त्या घटनेत माणसाच्या हातून सगळा ताबा गेलेला असतो. कुठे जायचं, कधी थांबायचं, अंगाला कोण हात लावणार, हे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. मग उपचाराच्या खोलीतही हे सगळं दुसराच ठरवणार असेल, तर कितीही चांगल्या हेतूने केलेला उपचार त्या घटनेसारखाच वाटू लागतो.

हे कळायला वेळ लागला, आणि मधल्या काळात भल्या माणसांनी नुकसानही केलं. १९८३ मध्ये अमेरिकेतले जेफ्री मिचेल यांनी अग्निशमन आणि अॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांसाठी ‘डीब्रीफिंग’ची एक पद्धत मांडली. दुर्घटनेनंतर दोन-तीन दिवसांच्या आत सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमाने बोलायला लावायचं. पद्धत आकर्षक होती, एका बैठकीत उरकणारी होती, आणि ‘बोलून टाक, बरं वाटेल’ या सार्वत्रिक समजुतीला ती शास्त्राचं बळ देत होती. पाहता पाहता ती अपघात, दरोडे, आगी, भूकंप अशा सगळ्या ठिकाणी, कामाशी संबंध नसलेल्या सामान्य माणसांवरही वापरली जाऊ लागली. मग कोणीतरी तपासून पाहिलं. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की तेरा महिन्यांनंतर डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी होता. न झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. डीब्रीफिंगच्या गटातल्या रुग्णांची अवस्था मुळातच जरा अधिक वाईट होती, हे खरं. तरीही पुढच्या अभ्यासांतूनही ही एका बैठकीची पद्धत आजार टाळते असं काही दिसलं नाही, आणि अशी सक्ती बंद करावी असा निष्कर्ष वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात निघाला.

आज जागतिक आरोग्य संघटना दुर्घटनेनंतर लगेच सुचवते ती ‘मानसिक प्रथमोपचारा’ची पद्धत. २०११ च्या तिच्या मार्गदर्शिकेत कामं तीनच आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. घडलेलं खोदून विचारायचं नाही. पाणी, पांघरूण, हरवलेल्या नातेवाइकाचा पत्ता, रात्री झोपायला जागा आधी. माणूस आपणहून बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर शेजारी बसायचं. आपल्याकडच्या दवाखान्यांनी लक्षात घ्यावी अशी आणखी एक सूचना संघटनेने २०१३ मध्ये केली. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाची लक्षणं कमी करायला डायझेपामच्या जातीची झोपेची औषधं देऊ नयेत. घरात मृत्यू झाला की ‘तिला एक गोळी द्या हो डॉक्टर’ असं म्हणणारा एक तरी काका असतोच. त्याला नाही म्हणण्याचं बळ डॉक्टरांना या सूचनेतून मिळायला हरकत नाही.

किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तिथे आधी सुरक्षितता याचा अर्थ अगदी ठोस होता. माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली, आणि वाचलेल्यांना नंतर दगडी भिंतीच्या आत पाठ टेकवत नव्हती. लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. त्या पुनर्वसनावर टीका करण्यासारखंही पुष्कळ आहे. पण घराच्या भिंतीची भीती वाटणाऱ्या माणसाला आधी ज्यात डोळा लागेल असं घर हवं असतं आणि समुपदेशकाचा नंबर त्यानंतर येतो, याबद्दल वाद व्हायचं कारण नाही.

मुलांच्या बाबतीत हे सगळं कसं दिसतं, याचं बारकाईने नोंदवलेलं उदाहरण टेक्सासमधल्या वेकोचं आहे, आणि तेही १९९३ चंच. २८ फेब्रुवारीला डेव्हिड कोरेश याच्या पंथाच्या आवारावर सरकारी छापा पडला, गोळीबार झाला, माणसं मेली आणि वेढा सुरू झाला. पुढच्या काही दिवसांत कोरेशने २१ मुलांना बाहेर सोडलं. त्यांना एका बालगृहात ठेवलं, आणि तिथे ह्यूस्टनहून बालमानसोपचारतज्ज्ञ ब्रूस पेरी आपला चमू घेऊन आले.

मुलं वरून बरी दिसत होती, काही तर अगदीच शहाण्यासारखी वागत होती. पेरी यांनी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली. एरवी त्या वयात बसल्या जागी ऐंशी-नव्वदच्या आसपास असणारे ठोके या मुलांत शंभरच्या घरात किंवा त्याही वर होते. शरीर अजून छाप्यातच होतं. मेंदूचा धोका ओळखणारा खालचा भाग असा पेटलेला असताना विचार करणारा वरचा भाग मागे पडतो. अशा वेळी मुलाला समजावून सांगणं, कारणं देणं, ‘तुला नेमकं काय वाटतंय’ असं विचारणं हे सगळं वाया जातं. आधी शरीर शांत व्हावं लागतं, मग माणसाशी नातं जुळतं, आणि त्यानंतर बोलणं सुरू होतं, असा क्रम पेरी नंतरच्या लिखाणातून मांडत राहिले.

त्यांनी बालगृहात केलं काय? पहिलं म्हणजे मुलांवर चालून येणारी माणसांची रीघ थांबवली. पोलिस, तपास अधिकारी, वकील, समाजसेवक, ज्याच्या त्याच्या हातात प्रश्नांची यादी होती. जेवणाची, झोपण्याची, खेळण्याची वेळ ठरवली आणि ती पाळली. मुलांना उपचारासाठी ठरावीक खोलीत बसवलं नाही. चमूतली माणसं दिवसभर आसपास असत. ज्याला ज्याच्याशी बोलावंसं वाटेल, वाटेल तेव्हा आणि वाटेल तितकंच, त्याने ते बोलावं. एखादं मूल भांडी ठेवता ठेवता दोन वाक्यं बोलायचं आणि खेळायला पळायचं. रात्री सगळे कर्मचारी बसून दिवसाचे हे तुकडे एकत्र जोडत. कोण कोणाशी काय बोललं, कोणाला कोणाजवळ बरं वाटतंय, याची नोंद होत असे.

इथे एक बारकी गोष्ट सांगायलाच हवी. पंथात मुलांचं सगळं आयुष्य कोरेश ठरवायचा. मुलांना स्वतः निवडायची सवयच नव्हती. त्यामुळे पीनट बटर लावलेल्या ब्रेडवर जेली हवी की नको, एवढा साधा प्रश्नही त्यांना गोंधळात टाकायचा, चिडवायचा. ‘मुलाला निवड द्या’ हे वाक्य प्रशिक्षणाच्या प्रत्येक स्लाइडवर असतं. निवडही सोसेल एवढ्याच मापाने द्यावी लागते, हे सँडविचच्या ताटावर कळलं.

१९ एप्रिलला आवाराला आग लागली, सत्तरहून अधिक माणसं गेली. त्यांत या मुलांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील होते. पुढे मुलं नातेवाइकांकडे, वेगवेगळ्या गावांना पांगली. पेरी यांचं नंतरचं निरीक्षण असं, की सर्वांत चांगली सावरली ती सर्वांत जास्त थेरपी मिळालेली मुलं असंच काही नव्हतं. ज्यांना स्थिर, मायेचं घर मिळालं ती सावरली. थेरपिस्टने स्वतःच हे लिहावं, याला थोडा मोठेपणा लागतो.

म्हणून मुलांचा थेरपिस्ट पहिलं काम बहुतेकदा मोठ्यांवर करतो. मूल स्वतःहून येत नाही, त्याला आणलं जातं. आणि आणणारे तक्रार सांगतात ती वेगळीच असते. मुलगा वर्गात लक्ष देत नाही, अंथरूण ओलं करतो, पोट दुखतं म्हणून शाळा बुडवतो, मुलगी एकदम हट्टी झाली किंवा एकदम गप्प झाली. कधी मूल फारच गुणी झालेलं असतं, आणि त्याची तक्रार कोणीच करत नाही. मुलांसाठी सर्वाधिक तपासली गेलेली पद्धत म्हणजे ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी घडवलेली ‘टीएफ-सीबीटी’ (ट्रॉमा-फोकस्ड कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी). साधारण बारा ते सोळा भेटी असतात, त्यांत मुलाची वेगळी, पालकाची वेगळी आणि मग दोघांची एकत्र. सुरुवातीला घटनेबद्दल तपशिलात जायचंच नाही. भावनांची नावं, श्वास, स्नायू सैल सोडणं, शरीराच्या अवयवांची खरी नावं. मग हळूहळू मूल आपली गोष्ट एका छोट्या वहीत लिहितं किंवा चित्रांनी भरतं, प्रकरणं पाडून, सोपं आधी आणि कठीण नंतर. ही वही पुढे आईला वाचून दाखवायची असते, म्हणून आईची तयारी वेगळ्या भेटींत करून घेतात. मूल सांगताना आईच्या चेहऱ्याकडे बघत असतं. तो चेहरा कोसळला की मूल वही मिटतं, आणि मग आईला जपायला म्हणून वर्षभर गप्प राहतं.

मोठ्या माणसाचं काय? हार्वर्डच्या ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये उपचाराचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, आठवणं आणि शोक करणं, आणि पुन्हा जगाशी जोडलं जाणं. असेच टप्पे फ्रान्सच्या पिएर जाने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगितले होते, आणि मग शंभरेक वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पहिला टप्पा बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नसल्यासारखा दिसतो. पहिल्या भेटीत थेरपिस्ट विचारतो, कुठल्या खुर्चीत बसणार? बऱ्याच जणांना दार दिसेल अशी जागा हवी असते. मग सांगतो, किती वेळ बसायचं आहे, काय लिहून घेणार, ते कोण वाचू शकतं, कुठल्या परिस्थितीत मला दुसऱ्याला सांगावंच लागेल. हात वर केला की मी थांबेन, कारण विचारणार नाही. समोरचा माणूस बोलता बोलता कुठेतरी हरवला, नजर स्थिर झाली, तर त्याला परत आणायचं. पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, खुर्चीच्या हातावर हात फिरवा. ‘डोळे मिटा आणि लांब श्वास घ्या’ हा सर्वांचा आवडता सल्ला इथे जपून वापरतात. ज्याच्यावर अंधारात अत्याचार झाला, त्याला डोळे मिटल्यावरच धडकी भरू शकते.

या तयारीवरून तज्ज्ञांत वाद आहे. काही म्हणतात, पहिला टप्पा फार लांबवला की तो टाळाटाळीचं सभ्य नाव होतो. ज्या आठवणीने माणूस पछाडलाय तिच्यापर्यंत कधी पोहोचतच नाही. हा आक्षेप पोकळ नाही. एडना फोआ यांच्या ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ पद्धतीत दहा-पंधरा भेटींचाच कार्यक्रम असतो. तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून माणूस ती घटना आत्ता घडतेय अशी, वर्तमानकाळात, सलग सांगतो. ते रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. मधूनमधून थेरपिस्ट विचारतो, भीती शंभरापैकी किती? नव्वद, पंच्याऐंशी, पुन्हा नव्वद, आणि काही भेटींनी चाळीस. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली फ्रान्सिन शापिरो यांची ‘ईएमडीआर’ ही दुसरी पद्धतही काम करते. त्यात डोळे हलवण्याचा वाटा नेमका किती, यावर अजून भांडण आहे. या सगळ्यांत घटनेला सामोरं जावंच लागतं. डीब्रीफिंगपासून त्या वेगळ्या पडतात त्या वेळेच्या आणि संमतीच्या बाबतीत. महिन्याभरात बहुतेक माणसं आपापली सावरतात. न सावरणाऱ्याला, कशासाठी आणि कसं ते समजावून, थांबायचा हक्क देऊन त्या आठवणीकडे नेलं जातं.

पण मुळात काय घडलं ते विचारायचं तरी कोणी? सॅन डिएगोतल्या कायझर पर्मनंटे या संस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी १९८० च्या दशकात लठ्ठपणाचं क्लिनिक चालवत. वजन भराभर उतरत असलेले रुग्णच मध्येच सोडून जाताहेत, हे पाहून ते चक्रावले. एका तरुणीने वर्षभरात सुमारे १८५ किलोवरून साठपर्यंत मजल मारली, आणि एकाएकी तीन आठवड्यांत सतराएक किलो परत चढवले. विचारता विचारता कळलं, की ऑफिसातल्या एका पुरुषाने तिच्याकडे मागणी केली होती, आणि लहानपणी तिच्यावर आजोबांनी अत्याचार केले होते. शरीर मोठं असलं की पुरुषांची नजर टळते. डॉक्टर ज्याला रोग म्हणत होते, तो तिच्यापुरता उपाय होता. पुढे फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक लोकांना बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांबद्दल विचारलं. हे सुस्थितीतले, आरोग्यविमा असलेले लोक होते. तरी जवळपास दोनतृतीयांशांनी निदान एक तरी अनुभव नोंदवला. असे चार किंवा अधिक अनुभव असलेल्यांत व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका कित्येक पटींनी जास्त निघाला. १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेला हा अभ्यास जगभर गाजला, आणि मग त्याचा चुकीचा वापरही सुरू झाला. लोक आपला ‘एस स्कोअर’, म्हणजे अशा प्रतिकूल अनुभवांचा आकडा, काढून भविष्य वाचू लागले. हा आकडा समाजाचं चित्र दाखवतो, एका माणसाचं निदान त्यावरून करू नये, असं २०२० मध्ये खुद्द अँडा यांना लिहावं लागलं.

थेरपिस्टच्या खोलीपर्यंत पोहोचणारे थोडेच. आपल्या देशात तर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. म्हणून २००० नंतर भर वळला तो सगळ्या व्यवस्थेकडे: दवाखाना, शाळा, पोलिस ठाणे, कोर्ट. ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ म्हणतात ते हेच. नर्सने किंवा शिपायाने उपचार करायचे नाहीत. समोरच्या माणसावर काही गुदरलेलं असू शकतं हे धरून चालायचं आणि आपल्या वागण्याने त्यात भर घालायची नाही.

मुंबईत याचा एक चांगला नमुना पंचवीस वर्षांपासून आहे. २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा या पालिका रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ हे घरात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं केंद्र सुरू केलं. रुग्णालयातच चालणारं देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं. कल्पना साधी होती. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईलच असं नाही, पण टाके घालायला दवाखान्यात येते. कॅज्युअल्टीत येऊन ती सांगते, जिन्यावरून पडले, बाथरूममध्ये घसरले; आणि जखम गालावर किंवा दंडाच्या आतल्या बाजूला असते. सोबत नवरा किंवा सासू. प्रशिक्षण घेतलेली सिस्टर सोबतच्याला केसपेपर काढायला किंवा औषधं आणायला पाठवते आणि बाईला एकटीला हळू विचारते, घरी कोणी मारतं का? बाई नाही म्हणाली तर वाद घालत नाही. खोली कुठे आहे तेवढं सांगून ठेवते. ‘दिलासा’तली समुपदेशक तिला नवरा सोड असंही सांगत नाही आणि सांभाळून घे असंही नाही. आज रात्री घरी गेलं तर जिवाला धोका आहे का, हे आधी पाहते. असेल, तर वॉर्डात एक-दोन दिवस निरीक्षणासाठी दाखल करून घेण्याची सोय असते. रेशनकार्ड आणि थोडे पैसे शेजारणीकडे ठेवणं, आरडाओरडा झाला की कोणाला हाक मारायची ते ठरवून ठेवणं, ही तिथली थेरपी. हा नमुना पुढे शहरातल्या इतर पालिका रुग्णालयांत आणि बाहेरच्या राज्यांतही गेला.

कायद्यातही हे भान आलेलं आहे. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, या दृष्टीने वाचला तर थक्क व्हायला होतं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा. घेणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याने गणवेश घालायचा नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे, मध्ये वरचेवर सुट्टी द्यायची, दमदाटीचे प्रश्न होऊ द्यायचे नाहीत, पुन्हा पुन्हा साक्षीला बोलवायचं नाही, आरोपी मुलाच्या नजरेस पडू द्यायचा नाही. दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी, असंही कलम ३५ सांगतं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, २०२२ च्या जानेवारीत, असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्षकेंद्रं उभारण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांना दिले.

कागद आणि कोर्ट यांतलं अंतर ठाऊक असणाऱ्याला पुढचं सांगायला नको. तारखा पडत राहतात. आणि इथे थेरपिस्टपुढे असा पेच उभा राहतो, ज्याचं उत्तर कुठल्याही पद्धतीच्या पुस्तिकेत नाही. मुलाला बरं करायचं तर गोष्ट त्याच्याकडून नीट, क्रमाने सांगवून घ्यायला हवी. पण साक्षीच्या आधी ती सांगवून घेतली, तर बचाव पक्षाचा वकील म्हणणार, मुलाला पढवून आणलंय. साक्ष होईपर्यंत थांबावं, तर मुलाचं दुसरीतलं वर्ष जातं, तिसरीतलं जातं, रात्रीचं दचकून उठणं चालूच. इंग्लंडमध्येही वर्षानुवर्षं थेरपी अडवून धरण्याकडे कल होता. तिथल्या सरकारी वकिलांच्या खात्याने २०२२ मध्ये सुधारलेल्या सूचनांत स्पष्ट केलं की खटल्यासाठी उपचार लांबवू नयेत. पण तेव्हाही थेरपिस्टची टिपणं कोर्टात मागितली जाऊ शकतात, ही टांगती तलवार राहिलीच.

यातून समंजस थेरपिस्ट वाट काढतात ती साधारण अशी. घटनेला हात न लावता बाकी सगळ्याला हात घालायचा. झोप बसवायची, शाळेत परत जाता येईल असं बघायचं, शाळेच्या वाटेवर भीती वाटणारा कोपरा कुठला ते शोधून तो मुलासोबत चालून बघायचा, आईची झोप बसवायची, वर्गशिक्षिकेला मुलाच्या मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका एवढंच सांगायचं. मूल आपणहून काही बोललं तर त्याच्याच शब्दांत टिपून ठेवायचं, पुढे प्रश्न विचारायचे नाहीत. कोर्टाची रिकामी खोली आधी दाखवून आणायची: न्यायाधीश कुठे बसतात, पडदा कुठे असेल, तहान लागली तर कोणाला सांगायचं. साक्ष झाली की वही उघडायची. तोवर चार-सहा महिने गेलेले असतात, कधी त्याहून बरेच जास्त, आणि वहीत लिहायला बसलेलं मूल तोपर्यंत अर्धंअधिक सावरलेलंही असतं.